बाद केलेले दोन उन्हाळे

मिलिंद,

तू गेल्यानंतरच्या जलदान विधीला मी आले होते. मांडवात शेवटच्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. तुमच्या गावचे बौद्धाचार्य वंदना घेत होते आणि बुद्धाच्या तसबिरीखाली पांढऱ्या कापडावर तुझा फोटो ठेवला होता. तो फोटो मीच काढलेला. मनोऱ्याच्या वरच्या टप्प्यावर तू कठड्याला टेकून उभा आहेस, छातीवर सुरक्षेचे पट्टे, मागं सागाचं जंगल. तुझ्या बायकोनं, सुजातानं, जंगल कापून नुसता चेहरा ठेवलाय. बरोबर केलं तिनं.

वंदना झाल्यावर माणसं एकेक करून उठली आणि तुझ्याबद्दल बोलली. तुझ्या क्लासमधल्या एका मुलीचे वडील बोलले, तुझा मोठा मेहुणा बोलला. मग कोणीतरी म्हणालं, "मॅडम दुरून आल्या, त्यायले बोलू द्या दोन शब्द." मी उठले आणि खरंच दोनच वाक्यं बोलले. मिलिंद आमच्या प्रकल्पाचा आधारस्तंभ होता. त्याची उणीव भरून निघणार नाही. बायका माना हलवत होत्या. सुजाता हलवत नव्हती. ती माझ्याकडे सरळ बघत होती, आणि मी खाली बसले.

त्या दिवशी जे बोलले नाही ते आता लिहिते आहे. तुला वाचता येणार नाही, म्हणूनच बहुतेक लिहिता येतंय.

यवतमाळच्या कॉलेजात आपण भौतिकशास्त्राला एका बाकावर होतो. मी दिग्रसहून आलेली, होस्टेलवर राहणारी. तू नेरकडच्या तुझ्या गावाहून रोज एसटीनं यायचास. प्रयोगशाळेत मी उत्तराला जुळेल असं रीडिंग बदलून लिहिलं की तू माझ्या वहीत ते न विचारता खोडायचास आणि म्हणायचास, "आकडा बरोबर आहे वं, तुले तो पायजे तसा नाई एवढंच." शेवटच्या वर्षाला तुझे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. त्याच उन्हाळ्यात तुझे वडील गेले. मागं आई आणि दोन बहिणी. तू नेरला राहिलास, मी पुण्याला गेले, आणि तिथून पुढं उत्तरेच्या एका थंड देशात. लोक म्हणतात मी हुशार होते. मी हुशार होते हे खोटं नाही, पण माझे वडील त्या वर्षी जिवंत होते, हेही तितकंच खरं.

तिथं मी सूचिपर्णी जंगलांवर काम करू लागले. मैलोन्‌मैल तीच ती सुईसारख्या पानांची झाडं, वर्षाचा निम्मा काळ बर्फात. ते जंगल हवेला काय देतं आणि हवेतून काय घेतं, किती ऊर्जा, किती पाणी, किती कार्बन, याचं गणित मांडायचं आणि ते संगणकावर चालवून बघायचं. यालाच आम्ही मॉडेल म्हणतो. तू नेरच्या सायबर कॅफेतून मला ईमेल लिहायचास. एकदा विचारलंस, "तिथं बर्फाखाली माती श्वास घेते का? वरून गोधडी पांघरल्यासारखं असेल ना, आत ऊब राहत असेल." मला हसू आलं होतं. आमच्या मॉडेलमध्ये हिवाळ्यात जमिनीतून निघणारा कार्बन शून्य धरलेला होता. दोन दिवसांनी मी बर्फ उकरून मातीवर मोजणीची डबी बसवली. माती श्वास घेत होती. बारीक, पण घेत होती.

माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण त्यावर आहे. त्यावरच मला पुढची नोकरी मिळाली. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी माझ्या मांजरीचं नाव घातलं. तुझं नाही. तेव्हा वाटलं, एका ओळीचा प्रश्न तर होता.

पुढं मी परत आले आणि दिग्रस-पुसदच्या मधल्या सागाच्या जंगलात तशाच मोजणीचा मनोरा उभा करायचा प्रकल्प मिळाला. तू तेव्हा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतास, एका वर्षी तास मिळायचे, एका वर्षी नाही. मी तुला तंत्र सहाय्यक म्हणून घेतलं. सगळ्यांना सांगत होते की मित्राला बोलावलं. खरं असं होतं की उन्हातान्हात रोज मनोरा चढणारा आणि वरचं यंत्रही समजणारा दुसरा माणूस मला मिळाला नसता.

पहिल्या दिवशी मीच चढू शकत नव्हते, आठवतं? उत्तरेकडे आमचे मनोरे तिथले लोक चढायचे, मी खाली संगणकापाशी. इथं चौथ्या शिडीवर मी दांड्याला मिठी मारून थांबले. तू खालून वर आलास, माझे पट्टे घट्ट केलेस, पट्ट्यांचा हूक शिडीत अडकवलास.

"काहून घाबरून राह्यली? मी खाली आहो ना."

"पडले तर?"

"तं माह्याच अंगावर पडशील. दोघंही मरू. चाल, वर पाय, खाली नोको पाहू."

वर गेल्यावर तू मला वाऱ्याचं यंत्र दाखवलंस, जसं काही मी ते कधी पाहिलंच नव्हतं. ते सेकंदाला वीसदा वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजतं. शेजारचं यंत्र त्याच वाऱ्यातली वाफ आणि कार्बन मोजतं. दोन्ही जुळवले की जंगलातून वर काय गेलं आणि खाली काय आलं ते कळतं. तू म्हणालास, "म्हंजे जंगलाच्या नाकापाशी हात धरून बसाचं." इतकं सोपं मी कधीच कुठल्या व्याख्यानात सांगितलं नव्हतं. नंतर मात्र सांगत राहिले, माझं वाक्य म्हणून.

मग मे महिना आला.

सूर्याकडून आलेली ऊर्जा जंगल मुख्यतः दोन तऱ्हांनी परत देतं. पाणी असेल तर वाफ करून, नसेल तर हवा तापवून. माझं मॉडेल म्हणत होतं की मे महिन्यात इथं वाफ जवळजवळ शून्य. माती वरून वाळलेली, साग उघडाबोडका, सगळी ऊर्जा हवा तापवण्यात. मनोरा म्हणत होता वाफ आहे. चांगली आहे. रोज दुपारी आहे.

मी पुण्याहून फोन केला आणि म्हणाले, सेन्सरची काच खराब झाली असेल.

"पुसली. दोनदा पुसली."

"मग कॅलिब्रेशन चुकलं."

"ते बी केलं. अर्चना, इथं सागच नाई नुसता. मोहाले पालवी आहे, कुसुम लाल झाला, करंज हिरवागार आहे. पान्याच्या आधी पालवी येते इथं. थे झाडं खालून पानी पिऊन राह्यले."

"वरच्या मीटरभर मातीत पाणी नाहीये, मिलिंद. आपल्याच नोंदी आहेत."

"खाली आहे ना. कोलामाच्या वस्तीत, पोडावर, इहीर खोदून राह्यले, तिथं मोहाचं मूळ पायलं मी. मुरूम फोडून पार खाली गेलं, माणसाच्या मनगटाएवढं. फोटो पाठवतो. नाई तं तूच ये. येऊन पाय एकदा."

तू फोटो पाठवलास. विहिरीच्या कडेला एक कोलाम म्हातारा हातात मुळाचा तुकडा धरून उभा होता. मी उत्तर लिहिलं. ते उत्तर माझ्याकडे अजून आहे. "झाडं बघून निष्कर्ष काढायचे असते तर मनोऱ्याची गरज नव्हती. कृपया यंत्राकडे लक्ष दे."

माझ्या मॉडेलमध्ये मुळं मीटरभर खोल होती. कारण उत्तरेकडे तेवढीच असतात. खाली जमीन गोठलेली, झाडं वरच्या थरात पसरतात. ते जंगल मी दहा वर्षं पाहिलं होतं. हे जंगल माझ्या घरापासून एका एसटीच्या अंतरावर होतं आणि मी ते उन्हाळ्यात कधीच पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात आम्ही मामाकडे जायचो.

तो उन्हाळा मी बाद केला. दर अर्ध्या तासाला एक नोंद, प्रत्येक नोंदीपुढं दोषाची खूण. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं, पुन्हा तू तेच म्हणालास, आणि मी दुसराही उन्हाळा बाद केला.

नागपूरच्या आढावा बैठकीचं लिहायचं टाळत होते. तिथं तीन तज्ज्ञ होते. त्यांनी विचारलं की दोन्ही वर्षी नेमका उन्हाळाच का गेला? मी म्हणू शकले असते की कारण मला माहीत नाही. मी तुझ्याकडे वळले आणि तुला इंग्रजीत विचारलं. मिलिंद, मला ठाऊक होतं तुझं इंग्रजी वाचताना पक्कं आणि बोलताना अडखळतं. कॉलेजपासून ठाऊक होतं. तू मराठीत समजावून सांगितलं असतंस तर पाच मिनिटांत पटलं असतं, त्यातले दोघं मराठी होते, तिसऱ्याला मी सांगितलं असतं. तू उभा राहिलास. "सर, दि रूट्स..." म्हणालास आणि थांबलास. शब्द शोधत होतास. कडेचा माणूस शेजारच्याला हळूच म्हणाला, "राखीव जागेवरून आलेत का?" हळू, पण ऐकू येईल असं. तुलाही ऐकू गेलं. तुझे कान लाल झाले.

मी पुढचा आलेख लावला.

अहवालात मी लिहिलं की उन्हाळ्यातील नोंदी तंत्र सहाय्यकाच्या हाताळणीतील त्रुटींमुळे ग्राह्य धरलेल्या नाहीत. तुझा करार पुढं वाढला नाही. किल्ल्या, पट्टे आणि नोंदवही द्यायला तू आलास तेव्हा मी मुद्दाम फोनवर बोलत राहिले. तू टेबलावर सगळं नीट मांडलंस. फोन संपेपर्यंत थांबलास. मग म्हणालास, "मे मधी एक दिवस थ्या मनोऱ्याखाली बसजो. मंग लिहिजो काय लिहाचं ते."

तिसऱ्या वर्षी मी नवं यंत्र बसवलं आणि नवा सहाय्यक आणला. मे महिन्यात वाफ आली. तितकीच आली, त्याच वेळी आली. तेव्हा पहिल्यांदा मी तिथं जाऊन बसले. दहा दिवस बसले. साग वाळलेला, जमिनीवर पानांचा कुरकुरता थर, आणि मधेमधे मोह आणि करंज असे हिरवे की डोळे दिपावेत. करंजाखाली उभं राहिलं की गारवा लागायचा. हे कळायला कुठल्याही यंत्राची गरज नव्हती. तू हेच तर म्हणत होतास.

मी मॉडेलमध्ये मुळं खोल नेली. गणित जुळलं. मोजलेली वाफ आणि गणितानं काढलेली वाफ एकावर एक बसल्या. त्या दिवशी मी ऑफिसात जिलेबी वाटली.

त्यावरचा माझा शोधनिबंध छापून आला. बाहेरच्या देशांतून पत्रं आली की उत्तरेची मॉडेलं इकडे आणताना काय चुकतं ते तुम्ही नेमकं दाखवलंत. शेवटी एक ओळ होती, क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे आभार. बाद केलेल्या उन्हाळ्यांचा उल्लेख नव्हता.

तू तो वाचलास आणि फोन केलास. मला वाटलं शिव्या देशील. तू फक्त म्हणालास की एका कॉलेजात प्रयोगशाळेची कायम जागा निघाली आहे, ते अनुभवाचा दाखला मागत आहेत, आणि माझ्या अहवालातला शेरा आडवा येतोय.

"दोन ओळी लिहून दे. चूक यंत्राची नव्हती अन माही बी नव्हती, एवढंच."

"लिहिते."

मला लिहायचं होतं, हे खरं आहे. मी कोरा लेटरहेड कितीतरी वेळा समोर घेतला. पण ती दुसरी ओळ लिहिली की कोणीतरी विचारणार, मग चूक कोणाची होती? आणि निबंधात हे का नाही? मी म्हणायचे, पुढचा प्रकल्प मंजूर होऊ दे, मग लिहू. तो मंजूर झाला. मग म्हणाले, पहिला हप्ता होऊ दे कामाचा. ती जागा भरली गेली. तू पुढच्या जागेसाठी पुन्हा विचारलंस. मी पुन्हा लिहिते म्हणाले.

एकदा मी नेरला आले, करार संपल्यावर तू काढलेल्या शिकवणीच्या क्लासवर. वाटलं समोरासमोर बोलावं. तू दहावीला बाष्पीभवन शिकवत होतास. मला शेवटच्या बाकावर बसायला सांगितलंस आणि शिकवत राहिलास. मधेच पोरांना विचारलंस, "पुस्तकात एक आकडा आहे, थर्मामीटर दुसरा दाखवते. तं काय बदलाचं?"

दोनतीन पोरं एकदम म्हणाली, "थर्मामीटर, सर."

तू मनापासून हसलास. "हाव. मागं मॅडम बसल्या ना, त्यायनं बी तेच केलं होतं. लय मोठ्या झाल्या त्या." सगळी पोरं वळून माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली. मीही हसले. दुसरं काय करणार होते. तुला इतकं दुष्ट होता येतं हे मला माहीत नव्हतं. मी तुला शिकवलं असावं.

बाहेर आल्यावर तू गाडीला किल्ली लावलीस.

"चिठ्ठी आनली?"

"पुढच्या आठवड्यात नक्की."

"मंग आज कायले आली?"

तू गाडी वळवलीस आणि गेलास. ती शेवटची भेट.

उन्हाळ्यात क्लास बंद असतात, म्हणून तू घरोघर फिरून माहिती भरायचं कंत्राटी काम घेतलंस. हे मला सुजातानं सांगितलं. फुलसावंगीकडची गावं तुझ्या वाट्याला आली होती. त्या दिवशी तू सकाळपासून चालत होतास. दुपारी बसथांब्याच्या शेडमध्ये बसलास. तिथल्या पानठेल्यावाल्यानं पाणी दिलं, ते तू हातात धरून ठेवलंस, प्यायला नाहीस. तो सांगत होता, अंगाला हात लावला तर तव्यासारखं लागत होतं आणि घामाचा थेंब नव्हता. यवतमाळला नेताना वाटेतच तू गेलास.

घामाचा थेंब नव्हता म्हणजे काय झालं, हे मांडवातल्या कोणालाही माझ्याइतकं नेमकं कळलं नसेल. अंगातलं पाणी वाफ होऊन जात असतं तोवर ऊन सोसतं. ते थांबलं की सगळी ऊर्जा अंग तापवण्यात जाते. तेच समीकरण. मी ते आयुष्यभर झाडांसाठी लिहिलं. त्या दुपारी मी कुठं होते तेही सांगते. वातानुकूलित खोलीत, उन्हाळ्यातल्या वाफेवर ऑनलाइन व्याख्यान देत होते. सुरुवात तुझ्याच वाक्यानं केली, जंगलाच्या नाकापाशी हात धरून बसायचं.

तू गेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी लिहिली. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. जलदानाचं जेवण झाल्यावर सुजातानं मला मागच्या खोलीत बोलावलं. तिनं चहा दिला, पाट दिला, आणि समोर उभी राहिली.

"ते म्हनत होते मॅडम एक कागद देनार हायेत. आनला का?"

मी पर्समधून काढून दिला. तिनं तो उभ्यानंच वाचला. एकेक ओळ, सावकाश. मग विचारलं, "हे लिहाले किती वेळ लागला तुम्हाले?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशी तेवढंच नाही केलं.

"वीस मिनिटं."

"वीस मिनिट," ती म्हणाली. तिनं घडी होती तशी घातली आणि कागद माझ्या हातात दिला. मी घाईघाईनं म्हणाले की निबंधात दुरुस्ती पाठवते आहे, त्यात मिलिंदचं नाव पहिलं लावते, तसं करता येतं.

"नोका लावू."

"सुजाता, त्याचा हक्क आहे तो."

"होता तेव्हा द्याचा होता. आता तुमच्या नावाच्या वर त्याइचं नाव लागलं तं लोक तुमालेच चांगलं म्हनतीन." ती कप उचलून बाहेर गेली. बाहेर बायका भांडी घासत होत्या, त्यांच्यात जाऊन बसली.

ती म्हणाली तेच बरोबर होतं, म्हणून तुझं नाव वर लावलं नाही. पण बाद केलेल्या उन्हाळ्यांबद्दलची दुरुस्ती पाठवली. दोन्ही उन्हाळ्यांवरच्या दोषाच्या खुणा मी स्वतः काढल्या. एक आज्ञा दिली असती तर सगळ्या एकदम गेल्या असत्या. मी हातानं काढल्या, एकेक अर्धा तास. चौदा दिवस लागले. एका नोंदीपुढं तू लिहिलं होतंस, "काच पुसली, तरी वाफ आहे." दुसऱ्या दिवशीच्या नोंदीपुढं, "आज पण आहे." मी त्या काळात हे शेरे वाचलेही नव्हते.

नागपूरच्या आढावा समितीलाही सगळं कळवलं, काहीही न लपवता. नोंदी का बाद केल्या, शेरा कोणी लिहिला, बैठकीत इंग्रजीत का विचारलं, तेसुद्धा. मला वाटलं प्रकल्प काढून घेतील. एक मन तशी वाटच बघत होतं.

काल उत्तर आलं. माझ्या प्रांजळपणाबद्दल समितीनं समाधान व्यक्त केलं आहे. दोन्ही उन्हाळ्यांच्या नोंदी ग्राह्य धरायला हरकत नाही. तंत्र सहाय्यकाबद्दलचा शेरा मात्र, संबंधित व्यक्ती हयात नसल्यामुळे, बदलण्याचं प्रयोजन उरत नाही.

तुझे आकडे निर्दोष सुटले, मिलिंद. तू नाही.